परवाची सही

ता. ३

प्रिय काडी,

अनेक आशीर्वाद.

ते गोल टेबल खरं कितीला पडलं ते आधी सांगतो, आणि पैशांत नाही सांगत. एक भिंत, दोन दारं, अकरा दिवस आणि माझ्या थोरल्या सुताराच्या अंगठ्याचं नख. आधीचं लांब टेबल काय वाईट होतं? पण लांब टेबलाला डोकं असतं. त्या डोक्याशी कोण बसणार यावरून तीन शिष्टमंडळं आठवडाभर आपापल्या खोलीत रुसून राहिली. शेवटी परराष्ट्र मंत्रालयातल्या बाई म्हणाल्या, "गोल करा." केलं. ते दारातून आत जाईना. म्हटलं, दोन तुकडे करून आत जोडू. बाई म्हणाल्या, "मध्ये फट दिसली तर कोणीतरी तिचा अर्थ लावेल." मग भिंत पाडली.

तुझ्याकडे फोनचा मनोरा पडलेला आणि वर्तमानपत्र येत नाही, म्हणून इथलं सांगतो. तीन वर्षांपूर्वी आजूबाजूच्या देशांनी मिळून शांतता राखायला जी फौज पाठवली, जिला तुम्ही तिकडे शेजाऱ्यांची फौज म्हणता, ती आता आंतरराष्ट्रीय ताब्यात द्यायची आहे. त्याचीच ही बोलणी. एका बाजूला शेजाऱ्यांचे जनरलसाहेब. त्यांना जायचंय, पण घालवलं असं दिसायला नकोय. दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय दूत. उंच, अबोल माणूस. बोलण्याआधी पाण्याचा ग्लास बोटभर पुढे सरकवतो. मधे आपलं सरकार, म्हणजे त्या बाई. तिघंही एकमेकांशी इतकं गोड बोलतात की मला घाम फुटतो.

पण तू काळजी करू नकोस. खांद्यावर घडीच्या खुर्च्या वाहत मी परिषदेच्या या इमारतीत शिरलो त्याला एकतीस वर्षं झाली. आज इथल्या सगळ्या टेबल-खुर्च्या माझ्या. कुठली खुर्ची कुरकुरते आणि कुठला माणूस, दोन्ही मला भिंतीपलीकडून कळतं. सही होणार ही बातमी जनरलसाहेबांच्या बायकोआधी मला लागेल, लिहून ठेव.

आता कामाचं. तू परत ये. पुलाजवळचा तुझा दवाखाना त्या चौकीच्या जिवावर उभा आहे, आणि ती चौकी या टेबलावर. तुझ्या आईला मी सांगून टाकलंय की काडी महिनाअखेर येतेय. आता ते खरं करायचं काम तुझं.

तुझा
मामा

ता. ७, पुलाजवळचा दवाखाना

ती. मामास सा. न. वि. वि.

साष्टांग घालण्याइतकी कोरडी जमीन इथे नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे.

आईला न विचारता वचन देणारा तू कोण? माझ्याकडे अकरा रुग्ण आहेत. एक छपरवाले काका. दुसऱ्याचं छप्पर शाकारताना पडले, मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून सहा आठवडे हलवायचं नाही. त्यातले दोन झालेत. त्यांना काखोटीला मारून येऊ?

इथली स्थिती अशी. पुलाच्या अलीकडे आम्ही आणि तीसेक घरं, पलीकडे डोंगर, आणि डोंगरात त्या हत्यारबंद टोळ्या. मधे बारा सैनिक, वाळूची पोती आणि एक कप्तान. शेजारच्या देशाचा आहे, पण आपली भाषा शिकलाय. लिंगं चुकवतो, बाकी बरी बोलतो. गेल्या वर्षी ही चौकी चारच दिवस रिकामी होती. त्या चार दिवसांत काय झालं ते मी तुला तेव्हा लिहिलं होतं, पुन्हा लिहीत नाही.

मामा, मला त्यांचा संशय येतोय. चौकीचं छप्पर गळतं. मागच्या महिन्यापर्यंत कप्तान रोज काकांकडे येऊन सल्ला विचारायचा. आता खाली बादली ठेवतो. मी म्हटलं, "कौलं बदलत का नाही?" तर म्हणतो, "बादली चांगला आहे." ज्याला राहायचंय तो बादलीवर भागवेल का?

आणि तुझं पाकीट. त्याला दोनदा डिंक लागलाय. एकदा तुझा. दुसऱ्यांदा कोणाचा? टपाल आणि सामान आणणाऱ्या गाडीचा चालक वर बघून शीळ घालत होता.

तुझे कान एवढे तिखट आहेत ना, मग एकच शोधून काढ. हे लोक जाणार आणि ते लोक येणार, यांत मधे अंतर किती? तारीख नको मला. अंतर सांग. एक दिवस असेल तर दार लावून बसू. जास्त असेल तर इथून हललंच पाहिजे, आणि तेही चौकी उठायच्या आधी.

तुझी
काडी

ता. १३

प्रिय काडी,

आशीर्वाद मागून. आधी हे वाच आणि पाकीट जाळ.

(डिंक दोन्ही वेळा माझाच होता. पाकीट बंद केल्यावर तुझी आई म्हणाली, 'कान झाकून झोप म्हणावं.' उघडलं, आणि लिहायचं तेच राहिलं. चालकावर संशय घेऊ नकोस, तो जन्मतःच तसा दिसतो.)

इथे पाच दिवस एका शब्दावर गेले. जनरलसाहेब म्हणत, मोहीम आम्ही 'सोपवतो' असं लिहा. दूत म्हणे, आम्ही 'ताब्यात घेतो' असं लिहा. सोपवणारा मोठा की घेणारा, यावर दोघं हातघाईला यायचे बाकी राहिले. शेवटी बाईंनी 'स्थित्यंतर' असा शब्द काढला. त्याचा अर्थ कोणालाच धड ठाऊक नसल्यामुळे तो दोघांना चालला.

मला तेव्हाच वास आला. भांडण इतकं सहज मिटलं, म्हणजे खरं काहीतरी दुसरीकडे मिटलेलं असणार. अकरा तारखेला आतल्या छोट्या खोलीत सहाच जणांचं जेवण होतं. दार बंद. टेबलावरचं कापड परत आलं त्यावर शाईचा डाग. जेवताना शाई कशाला लागते?

आज दुपारी गोल टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून पाचर ठोकायला खाली शिरलो. तेवढ्यात जनरलचा सचिव आणि मंत्रालयाच्या बाई आत आल्या. मला फक्त चपला आणि बूट दिसत होते. सचिव म्हणाला, "परवाच्या सहीनंतर पुलावरची चौकी उठवायची." बाई म्हणाल्या, "आणि नवे लोक?" तो म्हणाला, "नऊ दिवसांनी." बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. बूट गेले, चपला गेल्या. मी हातोडी छातीशी धरून पडलेलो.

हिशोब कर. आज तेरा, परवा म्हणजे अकरा. म्हणजे सही होऊन गेलीय! सगळ्या जगाला गोल टेबल दाखवायचं आणि सह्या जेवणाच्या खोलीत. चौकी कुठल्याही तासाला उठेल आणि तुला हवं होतं ते अंतर नऊ दिवस आहे. काडी, हे पत्र घेऊन येणारी गाडी परत निघेल तिच्यात बस. ज्यांना बसवता येईल त्यांना बसव. त्या कप्तानाला विचारत बसू नकोस. त्याला ठाऊक आहे, म्हणून तर बादली.

मामा

ता. १७, पुलाजवळचा दवाखाना

ती. मामास,

तुझं पत्र पंधराला सकाळी पोचलं. मी अजून इथेच आहे. नीट सांगते, मधे थांबू नकोस.

गाडी दुपारी बाराला परत निघणार होती. मी चालकाकडून सामान उतरवून घेतलं आणि अकरांतले चालता न येणारे आठ रुग्ण चढवले. छपरवाले काका शेवटी. त्यांच्या पायाचं वजन माझ्या हातांनी सोडवलं. ते म्हणाले, "बाई, बांधकाम अर्धवट सोडून जायचं नसतं." मी म्हटलं, "काका, गप्प पडा." दवाखाना रिकामा होतोय हे पाहून घरांना कळायचं ते कळलं. अर्ध्या तासात गाठोडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळा रस्ता भरला. कोणी दारंसुद्धा ओढून घेतली नाहीत.

मग कप्तान धावत आला. चिडला होता.

"काय चाललाय? कोणी सांगितला पळायला?"

"तुम्ही नाही सांगितलंत, एवढं खरं," मी म्हटलं. "सही झाली, चौकी उठणार, आणि आम्हाला पत्ता नाही. बादली चांगला आहे, नाही का?"

तो म्हणाला, "कुठला सही?"

मी तुझं पत्र दाखवलं नाही. तुझं नावही घेतलं नाही. एवढंच म्हटलं की आतली बातमी आहे: तिच्यात 'परवाची सही' असं आहे, म्हणजे ती होऊन गेली, चौकी उठणार, नवे लोक नऊ दिवसांनी. तो तडक रेडिओच्या खोलीत गेला. मी खिडकीशी उभी. तो त्याच्या मुख्यालयाला ओरडून विचारत होता, "नऊ दिवस पूल कोण सांभाळणार?"

बाहेर आला. म्हणाला, "सही झालेला नाही. सही आज आहे, पाच वाजता. आणि माझी चौकी उठणार हे मला एका नर्सकडून कळते. माझ्या जनरलकडून नाही." मग म्हणाला, "बातमी कधी लिहिलेली?" मी म्हटलं, तेराला. त्याने बोटं मोजली आणि मला विचारलं, "बाई, कुठला परवा?"

मामा, मी विचारलं, "कुठला म्हणजे?" तो म्हणाला, "तुमच्या भाषेत मागचा परवा आणि पुढचा परवा एकच. आम्ही आलो त्या महिन्यात मी परवाचे पिंपे आणायला माणूस पाठवला. पिंपे यायचे होते. माणूस दोन दिवस तिथे बसून आला."

सही व्हायची होती, मामा. झाली नव्हती.

चौकी अजून आहे. माणसं दोन कोसांवर शाळेत आहेत, मी रोज जाऊन येते. कप्तान बादली का ठेवतो तेही विचारलं. त्याला कौलं मंजूरच झाली नाहीत, तीनदा मागितली.

काकांच्या पायाबद्दल आता काही लिहीत नाही. डॉक्टर बघून गेल्यावर लिहीन.

काडी

ता. १९

प्रिय काडी,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

पंधराला इथे काय झालं ते ऐक. साडेचारला टेबलावर दोन झेंडे आणि चार पेनं मांडली. मी मनात म्हणतोय, वा रे नाटक, झालेली सही पुन्हा करतायत! एवढ्यात जनरलसाहेब हातात कागद घेऊन आले आणि त्यांनी तो दूतासमोर आपटला. "पुलावरची नर्स माझ्या कप्तानाला सांगते की सही झाली? कोणाची सही? कुठे?" दूताने ग्लास सरकवला आणि म्हणाला, ही बातमी तुम्हीच फोडलीत, बोलणी मोडायला. जनरल म्हणाले, तुम्ही फोडलीत, माझी नाचक्की करायला. बाईंचा दोघांवर संशय, आणि दोघांचा बाईंवर. मग कोणीतरी एक्केचाळीसावं पान उघडलं. पुरवणी. त्यात पूल होता, नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत दूताला वाटत होतं जनरलचे लोक राहतील, जनरलना वाटत होतं बाईंच्या सरकारचे पोलीस जातील, आणि बाईंना वाटत होतं ते या दोघांनी बघितलं असेल. नऊ दिवस तिघांनी एकमेकांच्या नावावर टाकले होते. पान कोणीच वाचलं नव्हतं.

सही राहिली. आणि तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की टेबलाखाली कोण होतं ते शोधा.

बाईंनी मला बोलावलं. "टेबलाखाली काय करत होतात?"

"पाचर ठोकत होतो."

"आणि कान?"

"तेही बरोबरच होते, बाई. काढून ठेवायची सोय नाही."

त्या हसल्या नाहीत. शाईच्या डागाचं मी बोलून गेलो, तर म्हणाल्या, जनरलसाहेब जेवताना शब्दकोडं सोडवतात. मग कप्तानाच्या रेडिओची मागाहून मागवलेली पूर्ण नक्कल वाचून दाखवली. त्यात स्पष्ट होतं: 'नर्सचे मामा, टेबलवाले, यांनी कळवलं.' तू लिहितेस, नाव घेतलं नाहीस. काडी, टेबलवाले मामा जगात किती असतील?

रागावलो नाही. नावाशिवाय कप्तानाने रेडिओ उचलला नसता आणि कागद आपटला गेला नसता. पण हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. आणि मीही तुला बोल लावायला मोकळा नाही. पासष्टीला आलो, जन्मभर 'परवा' म्हणतोय, आणि त्याला दोन तोंडं आहेत हे मला परक्या फौजेतल्या माणसाने शिकवावं! मला वाईटच ऐकायचं होतं, म्हणून मी मागचा परवा उचलला. विचारलं असतं तर? कोणाला, बुटांना?

माझा पास काढून घेतलाय. आता खुर्च्या फाटकाशी उतरवून देतो. आत कोण काय बोलतं, देव जाणे.

काकांच्या पायाचं लिही. चांगलं-वाईट जे असेल ते, गोल न करता.

मामा

ता. २६, पुलाजवळचा दवाखाना

ती. मामास सा. न. वि. वि.

होय, नाव मी घेतलं. तो म्हणाला, सांगणाऱ्याचं नाव नसेल तर मुख्यालय त्याला अफवा म्हणून फाडून टाकेल. मी तुझा पास आणि पूल समोरासमोर ठेवले आणि पूल घेतला. तुला लिहायला मात्र हात धजेना. चुकलं.

नवे लोक काल सकाळी आले. तुमच्या करारात आता असं वाक्य घातलंय म्हणे, की नवी तुकडी पुलावर उभी राहिल्याशिवाय जुनी हलणार नाही. कप्तानाने ते अक्षरशः पाळलं. त्यांचा एकेक माणूस पोत्यांमागे उभा राहिला, तसा स्वतःचा एकेक काढून घेतला. शेवटी तो आणि त्यांची अधिकारी बाई, दोघंच पुलाच्या मधोमध. दोघांच्याही चेहऱ्यावर असं, की समोरचा माणूस काहीतरी लपवतोय. त्याने किल्ल्यांची यादी दिली, तिने प्रत्येक किल्ली कुलपाला लावून पाहिली. एक लागली नाही. त्यावर तास गेला. मधे रिकामा असा एक क्षणही गेला नाही, मामा. मी घड्याळ घेऊन उभी होते.

घरं परत आलीत. ती रिकामी होती त्या तीन रात्रींत चार दारं आणि एक शिलाई मशीन गेलं. कोणी नेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

आता काकांचं. गाडीत हाड सरकलं. डॉक्टरांनी पुन्हा बसवलं, पण पाय दोन बोटं आखूड राहणार. कायमचा. मी त्यांना सांगितलं की पळायची गरज त्या दिवशी नव्हती. ते म्हणाले, "उतारावर काम करायला एक पाय आखूडच बरा." कोणीच हसलं नाही, तेसुद्धा. वजन मी सोडवलं होतं, तू नाही. हे तू डोक्यात घालून घे.

ते काठी घेऊन चालू लागेपर्यंत मी येत नाही. आईला तू सांग, तूच वचन दिलं होतंस.

सही कशी झाली शेवटी? इथे कोणाला विचारलं नाही. म्हटलं, तूच सविस्तर लिहिशील.

काडी

ता. २९

प्रिय काडी,

अनेक आशीर्वाद.

वजन तू सोडवलंस, पण सोडवायला मी लावलं. दोघांत वाटून घेऊ, पण मोठा वाटा माझा, वयाने.

सोबत एक खोकं आहे. थोरल्या सुताराकडून हलक्या लाकडाच्या तळ्या करून घेतल्यात, दोन बोटं जाडीच्या, चपलेखाली ठोकायच्या. बोटं माझी मोजली, कारण काकांची मला ठाऊक नाहीत. जास्त असेल तर तासता येईल. पाय डावा की उजवा हे तू लिहिलंच नाहीस. पूर्वी मी एक धरून चाललो असतो. आता दोन्ही पायांच्या केल्यात. ज्या लागणार नाहीत त्या परत पाठव.

तुझ्या आईला सांगितलं. ती मला काही बोलली नाही. तुलाही काही बोलणार नाही. दोघांनी सावध राहू.

पास मिळालेला नाही. बाई काल फाटकाशी दिसल्या. मला म्हणाल्या, "एक्केचाळीसावं पान आता मी आधी वाचते." माझ्याकडे बघून म्हणाल्या की गाडीकडे, नक्की सांगत नाही.

सहीचं विचारतेस. बावीसला झाली. मला तुझ्या आईने सांगितलं. तिला भाजीवाल्याने.

तुझा
मामा